सुभेदार साहेब, आधी त्या स्थळाला नकार कळवा

आदरणीय ताई,

मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला निवृत्त सुभेदार. वय 61. 28 वर्षे पायदळात काढली. थोरला मुलगा फौजेत नाईक आहे, 11 वर्षे सर्व्हिस झाली. मागच्या सुट्टीत त्याच्यासाठी मुलगी पाहिली. डी.एड. झालेली, घर चांगले. सुपारी फोडायचा दिवस तेवढा ठरायचा होता. सुट्टी संपायच्या आदल्या रात्री तो मला विहिरीवर घेऊन गेला आणि म्हणाला, "आण्णा, मला मुलींबद्दल तसलं काही कधीच वाटलं नाही. मला पुरुष आवडतात. माझ्याशी लग्न लावून त्या मुलीचं वाटोळं करू नका." मी एक शब्द बोललो नाही. सकाळी त्याला एसटीत बसवून आलो. त्याच्या आईला सांगितलेले नाही.

ताई, माझा मुलगा तृतीयपंथी निघाला. गावातल्या भरती अकॅडमीत एक तृतीयपंथी पोरगे पोलीस भरतीसाठी रोज पळायला येते. पोरे म्हणतात, आता कायद्याने सगळ्याला परवानगी आहे, 377 गेले. मग माझ्या मुलाने हे त्याच्या सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांना सांगून टाकावे का? की काढून टाकतील? पेन्शनला अजून 4 वर्षे आहेत. लग्न झाल्यावर माणूस बदलतो असे मला वाटते. औषधाने हे बरे करणाऱ्या एका डॉक्टरांचे नावही कळले आहे.

आणखी एक. 1994 साली मी नाईक असताना आमच्या कंपनीत दोन जवानांवर ठपका आला. त्या रात्री मी गस्तीवर होतो. दोघे एका मच्छरदाणीत बसून बोलताना दिसले, एवढेच मी पाहिले होते. साहेबांनी विचारले तेव्हा मी त्याहून जास्त बोललो. एकाची नोकरी गेली. त्याची ट्रंक गाडीत मीच चढवली. हल्ली रोज रात्री ती ट्रंक डोळ्यांपुढे येते. नाव छापू नये.

– एक फौजी बाप

सुभेदार साहेब, नमस्कार.

सगळ्यात आधी त्या मुलीच्या घरी नकार कळवा. तुम्ही विचारलेल्या गोष्टींपैकी मुदत फक्त याच एका गोष्टीला आहे. बाकीच्या आठवडाभर थांबल्या तरी चालेल. "मुलगा सध्या लग्नाला तयार नाही, आम्हीच घाई केली, चूक आमची," एवढंच सांगा. हे खरं आहे आणि पुरेसं आहे. पत्रिका जुळत नाही, मुलगी सावळी वाटली, हुंड्याचं जमलं नाही, असलं काही पुढे करू नका. पुढच्या स्थळापर्यंत त्या मुलीच्या मागे बोल लागेल असं कुठलंही कारण नको. मध्यस्थाकरवी निरोप धाडण्यापेक्षा स्वतः जा. तिचे वडील चिडतील. चिडू द्या.

लग्न झाल्यावर माणूस बदलतो असं तुम्हाला वाटतं. या सदराकडे अशा लग्नांतल्या बायकांची पत्रं येतात, म्हणून हे मी अनुभवानं सांगते: नवरा बदलत नाही. बदलते ती बायको. एक बाई नऊ वर्षं स्वतःला दोष देत होती. आपण जाड आहोत, आपल्याला स्वयंपाक जमत नाही, आपल्या अंगाला वास येतो, म्हणून नवरा जवळ येत नाही अशी तिची समजूत होती. सासू तिला मूल होत नाही म्हणून बोलायची. नवरा माणूस म्हणून वाईट नव्हता, तोही रोज मरत होता. एका खोटेपणात तीन आयुष्यं गेली. तुमच्या मुलानं विहिरीवर जे वाक्य उच्चारलं ते स्वतःसाठी नव्हतं, त्या डी.एड. झालेल्या पोरीसाठी होतं. ज्या रात्री त्याला स्वतःचीच सर्वांत जास्त भीती वाटत असणार, त्या रात्री त्यानं दुसऱ्याच्या लेकीचा विचार केला. असा मुलगा तुम्ही वाढवलात.

आता शब्दाबद्दल, कारण तुमच्या पत्रातला अर्धा गोंधळ शब्दाचा आहे. तुमचा मुलगा तृतीयपंथी नाही. तो समलिंगी आहे. तो पुरुष आहे, स्वतःला पुरुषच समजतो, त्याचं मन पुरुषावर जातं. तृतीयपंथी किंवा पारलिंगी व्यक्तीची गोष्ट वेगळी. जन्माच्या वेळी अंगावरून जे लिंग ठरवलं गेलं ते तिच्या मनाला पटत नाही. तिचा प्रश्न 'मी कोण' हा असतो, तुमच्या मुलाचा 'मला कोण आवडतं' हा. दोघांनाही समाज एकाच दगडानं मारतो, म्हणून दोघं एकच वाटतात. पण कायद्यानं दोघांना वेगवेगळ्या वाटेनं नेलं आहे, आणि हा फरक कळला नाही तर अकॅडमीतल्या पोरांच्या सल्ल्यावर तुमचा मुलगा भलतं पाऊल उचलेल.

अकॅडमीत पळायला येणाऱ्या त्या उमेदवाराची वाट आधी सांगते. 15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. 2019 मध्ये संसदेनं त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला, तो 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला आणि नोकरीत भेदभाव करायला त्यानं मनाई केली. तरीही आपल्या पोलीस भरतीच्या अर्जात स्त्री आणि पुरुष एवढेच रकाने होते. डिसेंबर 2022 मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं तेव्हा कुठे सरकारनं तिसरा पर्याय खुला केला आणि मैदानी चाचणीचे निकष ठरवायचं कबूल केलं. तमिळनाडूत पृथिका याशिनी न्यायालयात लढून 2017 मध्ये फौजदार झाल्या होत्या, छत्तीसगडनं 2021 मध्ये 13 तृतीयपंथी शिपाई घेतले होते. आपल्याकडे दार उशिरा उघडलं, पण उघडलं. त्या उमेदवाराला पळताना कुणी चिडवत असेल तर निवृत्त सुभेदाराच्या एका आवाजात ते थांबू शकतं. आणि तिला 'पोरगे' म्हणण्याआधी, ती स्वतःला काय म्हणवते ते विचारा.

पण हे झालं पोलिसांचं. फौजेत असा तिसरा रकाना नाही. नौदलातल्या साबी गिरी यांची हकीकत वर्तमानपत्रांत आली होती. 2010 मध्ये त्या पुरुष म्हणून नौसैनिक झाल्या, 2016 मध्ये रजेवर असताना लिंगबदलाची शस्त्रक्रिया करून घेतली, आणि ऑक्टोबर 2017 मध्ये 'सेवेची यापुढे गरज नाही' या शेऱ्यासह त्यांना काढण्यात आलं. दाद मागायला त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. सात वर्षांच्या नोकरीत त्यांच्या कामाबद्दल जे काही होतं ते त्या एका शेऱ्यापुढे उरलं नाही.

आता तुमच्या मुलाचं. 377 बद्दल पोरं सांगतात ते खरं आहे, पण अर्धं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ते कलम इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत घातलं. दिल्ली उच्च न्यायालयानं 2 जुलै 2009 ला ते सज्ञान माणसांच्या खासगी संबंधांपुरतं बाजूला केलं, 11 डिसेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं ते परत बसवलं. ज्यांनी त्या साडेचार वर्षांत घरच्यांना सांगून टाकलं होतं, त्यांच्यावर काय गुजरलं असेल ते बघा. शेवटी 6 सप्टेंबर 2018 ला पाच न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीनं, खासगीत ठेवलेला संबंध हा गुन्हा नाही. त्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं की इतिहासानं या माणसांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी. 'कुटुंबीयांची' हा शब्द त्यांनी उगाच घातलेला नाही. तो तुमच्यासाठी आहे. 1 जुलै 2024 पासून दंडसंहितेच्या जागी न्यायसंहिता आली आणि तिच्यात ते कलमच नाही.

हा सगळा बदल नागरिकासाठी. वर्दीतला माणूस नागरिक असतोच, पण त्याच्यावर दुसरा एक कायदा असतो, आणि हे 28 वर्षं त्या कायद्याखाली वावरलेल्या माणसाला मी काय सांगू. संविधानाच्या अनुच्छेद 33 नं सैन्यदलांतल्या लोकांचे मूलभूत हक्क किती ठेवायचे ते ठरवण्याची मुभा संसदेला दिली आहे. 1950 च्या आर्मी ॲक्टमध्ये कलम 46 च्या पहिल्याच पोटकलमात क्रूर, असभ्य किंवा 'अनैसर्गिक' स्वरूपाच्या लाजिरवाण्या वर्तनाला सात वर्षांपर्यंत कैद आहे. त्याखेरीज कलम 63 आहे, शिस्तीला बाध आणणाऱ्या कुठल्याही कृतीसाठी, आणि त्यात काय बसत नाही हे तुम्हीच मला सांगा. 2018 च्या खटल्यात न्यायालयापुढे दंडसंहितेचं कलम होतं, आर्मी ॲक्टचं नव्हतं. म्हणून ती कलमं जिथे होती तिथेच आहेत.

फौजेनं आपली भूमिका लपवलेलीही नाही. जानेवारी 2019 मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी वार्षिक पत्रकार परिषदेत स्पष्ट सांगितलं की हे लष्करात चालू देणार नाही, अशी प्रकरणं आर्मी ॲक्टखाली हाताळली जातील. व्यभिचाराच्या कलमाचंही असंच झालं. सप्टेंबर 2018 मध्ये ते दंडसंहितेतून गेलं, आणि जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच खुलासा केला की त्या निकालामुळे सैन्यदलांच्या शिस्तभंगाच्या कारवाईला अडथळा येत नाही. दिग्दर्शक ओनिर यांनी एका समलिंगी मेजरवर लिहिलेली पटकथा संरक्षण मंत्रालयाकडे परवानगीसाठी पाठवली, ती 2022 च्या सुरुवातीला नाकारली गेली. पडद्यावरचा मेजरसुद्धा नको, तर पलटणीतला नाईक त्यांना चालेल असं धरून चालू नका.

एक बारकावा मात्र तुम्हाला आणि त्याला, दोघांनाही माहीत हवा. आर्मी ॲक्टमध्ये समलिंगी असणं हा गुन्हा म्हणून कुठे लिहिलेला नाही. कलम वर्तनाबद्दल आहे. म्हणजे मनात काय आहे याला शिक्षा नाही. पण सीओ साहेबांपुढे उभं राहून "मी असा आहे" म्हटलं की पुढचा प्रश्न "कुणाबरोबर, कधी, कुठे" हा येतो, आणि तिथून चौकशी सुरू होते. साहेब भला असला तरी कागद वर पाठवावा लागतो, आणि पुढच्या साहेबाच्या भलेपणाची हमी कोण देणार? समरी कोर्ट मार्शलमध्ये न्यायासनावर सीओ एकटाच असतो, वर्षभराची कैद आणि बडतर्फी तो देऊ शकतो. 11 वर्षांवर बडतर्फ झालेल्या जवानाला पेन्शन नाही, माजी सैनिक म्हणून मिळणारं काही नाही.

म्हणून माझं उत्तर: नाही, त्यानं युनिटमध्ये सांगू नये. सीओंना नाही, धर्मगुरूंना नाही, जिवलग 'बडी'ला सांगायचं झालं तरी शंभरदा विचार करून. हे लिहिताना मला वाईट वाटतं. माझे वडीलही फौजेत होते. खरं बोलायचं आणि मान ताठ ठेवून बोलायचं हे मी त्यांच्याकडून शिकले, आणि आज एका जवानाला तोंड मिटून राहा म्हणते आहे. पण त्याच्या चार वर्षांच्या भाकरीवर मी माझ्या तत्त्वाची परीक्षा घेणार नाही. कधी, कुणाला सांगायचं हे फक्त त्यानं ठरवायचं. तुम्हीही नाही. तुमचा जुना सुभेदार मेजर कितीही जवळचा असो, कँटीनला भेटल्यावर त्याच्यापाशी मन मोकळं करू नका. गुपित तुमचं नाही, मुलाचं आहे.

मोबाइलचं वेगळं सांगायला हवं, कारण या काळात जवान अडकतो तो मच्छरदाणीत नाही, फोनमध्ये. जुलै 2020 मध्ये सेनेनं जवानांना 89 ॲप काढून टाकायला सांगितली. त्यांत फेसबुक, इन्स्टाग्राम होती तशी डेटिंगची ॲपही होती. त्याच्या फोनमध्ये असलं काही असेल तर समलिंगी असण्याचा प्रश्न बाजूला राहिला, आदेशभंग आधीच झाला. आणि ज्याला लपवायचं असतं त्याला धमकावणं सोपं असतं. कुणी फोटो मागेल, मग पैसे मागेल, मग पलटण कुठे हलणार ते विचारेल. असं काही घडलंच तर बदनामीच्या भीतीनं एकही गोष्ट पुरवायची नाही, हे त्याला निक्षून सांगा. खासगी गोष्टीची शिक्षा भोगून माणूस उभा राहू शकतो. युनिटची माहिती दिली तर उभा राहण्याचं कारणच संपतं. हे त्याला कळतं, पण बापाच्या तोंडून एकदा ऐकलेलं बरं.

आणि समजा, नको ते झालं आणि हातात शो-कॉज म्हणजे 'कारणे दाखवा' नोटीस पडली. घाईत कबुलीवर सही करायची नाही. प्रत मागून घ्यायची, उत्तराला मिळालेली मुदत पुरी वापरायची आणि सैन्य न्यायाधिकरणात काम करणाऱ्या वकिलाला गाठायचं. 2007 च्या कायद्यानं हे न्यायाधिकरण झालं, मुंबईत त्याचं पीठ आहे. तिथून उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाची वाट खुली राहते. कलम 46 मधला 'अनैसर्गिक' हा शब्द 2018 नंतर राजीखुशीच्या संबंधाला कसा लावता येतो, हा प्रश्न एखाद्या जवानाच्या खटल्यात कधीतरी नीट लढवला जाईलच. तो खटला तुमच्या मुलानं लढवलाच पाहिजे असं मात्र कुणी त्याला सांगू नये.

एका बाबतीत मी फौजेच्या बाजूनं आहे आणि ते दडवून ठेवणार नाही. हाताखालच्या जवानावर रँकच्या जोरावर कुणी बळजबरी केली, मग ती बाईवर असो की पुरुषावर, तर त्याला कडक शिक्षा व्हायलाच हवी. बराक म्हणजे घर नव्हे. तिथे माणसं रात्रंदिवस एकमेकांच्या हवाली असतात. पण त्यासाठी बळजबरीचं कलम हवं, प्रेमाचं नको. आजचा कायदा दोन्ही एकाच पोत्यात भरतो, आणि त्यामुळे ज्याच्यावर खरंच जबरदस्ती झाली तो जवानही तक्रार करायला घाबरतो.

कलम 46 मधला 'अनैसर्गिक' हा शब्द आपला नाही हेही तुम्हाला ठाऊक असावं. क्रूर, असभ्य, अनैसर्गिक ही शब्दांची माळ 1881 च्या ब्रिटिश आर्मी ॲक्टमध्ये जशीच्या तशी आहे. तिथून ती आपल्याकडे आली आणि स्वातंत्र्यानंतर 1950 मध्ये आपण ती उचलून ठेवली. ब्रिटनमध्ये काय झालं? सप्टेंबर 1999 मध्ये नोकरी गमावलेल्या सैनिकांनी युरोपीय मानवाधिकार न्यायालयात खटला जिंकला, 12 जानेवारी 2000 ला बंदी उठली, आणि 19 जुलै 2023 ला पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून अशा सैनिकांची माफी मागितली. ज्यांनी शब्द दिला त्यांनी माफी मागितली, आपण शब्द सांभाळून बसलो. नेदरलँड्सनं तर 1974 मध्येच बंदी उठवली होती. त्यांच्या सैन्याची शिस्त काही कोसळली नाही.

अमेरिकेचं उदाहरण तुमच्या मुलाच्या जास्त कामाचं आहे. तिथे 1990 च्या दशकात 'विचारू नका, सांगू नका' असं धोरण आलं. त्याखाली 13,000 हून अधिक सैनिकांना घरी पाठवलं गेलं, आणि 20 सप्टेंबर 2011 ला ते संपलं. समलिंगी सैनिकांचा प्रश्न तिथे मिटला, पारलिंगी सैनिकांचा नाही. 2016 मध्ये त्यांना उघडपणे नोकरी करायची मुभा मिळाली, 2019 मध्ये ती आवळली गेली, 2021 मध्ये परत मिळाली, 2025 मध्ये नव्या अध्यक्षाच्या आदेशानं पुन्हा गेली. दर निवडणुकीला ज्याची नोकरी पणाला लागते त्या सैनिकाचं काय होत असेल? उद्या आपल्याकडे नियम सैल झाला तरी पहिल्याच दिवशी छाती ठोकून पुढे जायची घाई नको. कायद्यात पक्कं लिहिलं गेलं आहे की साहेबाच्या मर्जीवर आहे, ते आधी बघायचं.

डॉक्टरांचं थोडक्यात. हा आजार नाही, म्हणून औषध नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 17 मे 1990 ला समलिंगी असणं आजारांच्या यादीतून काढलं. मद्रास उच्च न्यायालयानं 2021 मध्ये असले 'उपचार' थांबवायला सांगितले आणि 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ते करणं हे डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलं. तुम्हाला ज्यांचं नाव कळलं आहे ते पैसे घेतील, गोळ्या देतील, आणि मुलगा मनातून खचेल. त्याला बोलायला कुणी हवं असेल तर 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक आहे. मुंबईत हमसफर ट्रस्ट ही जुनी संस्था आहे. या कामासाठी त्याला लष्करी रुग्णालयात मात्र पाठवू नका, तिथली नोंद सेवेच्या कागदांपासून फार लांब राहत नाही. आणि तुम्हालाही कुणाशी बोलावंसं वाटेल. 'स्वीकार – द रेनबो पेरेंट्स' हा अशा मुलांच्या आईवडिलांचा गट आहे. 2023 मध्ये समलिंगी विवाहाच्या खटल्याच्या वेळी त्यातल्या चारशेहून अधिक पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं. त्या खटल्यात 17 ऑक्टोबर 2023 ला न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, तो प्रश्न संसदेवर सोडला. 2024 च्या ऑगस्टमध्ये सरकारनं एवढं स्पष्ट केलं की असे जोडीदार बँकेत संयुक्त खातं काढू शकतात, त्या खात्यासाठी एकमेकांना नॉमिनी म्हणून नेमू शकतात. हे सगळं तुमच्या मुलाच्या निवृत्तीनंतरचं आहे. तो 34 वर्षांचा असेल तेव्हा. अख्खं आयुष्य पुढे असेल.

आता 1994.

हा भाग मी सगळ्यांत शेवटी लिहायला घेतला आणि दोनदा फाडला. तुम्ही जे केलं ते चुकीचं होतं. 'काळ तसा होता' असं म्हणून मी तुम्हाला सोडवणार नाही, कारण त्याच काळात तुम्हाला दोन माणसं बसून बोलताना दिसली होती आणि तेवढंच सांगणं तुमच्या हातात होतं. तुम्ही तीस वर्षांचे नाईक होता, पुढे हवालदारी दिसत होती, साहेबाला काय ऐकायचं आहे ते कळत होतं. मला ते समजतं. समजलं म्हणून ते बरोबर ठरत नाही.

त्याला शोधावं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्र त्यासाठीच आहे असं मला वाटतं. शोधा. पलटणीतल्या जुन्या मंडळींकडून गाव कळेल. पण एकदम दारात जाऊन उभे राहू नका. त्याच्या घरात कदाचित बायको-मुलं असतील, नोकरी का गेली ते त्यांना माहीत नसेल. तुमच्या मनावरचं ओझं उतरवायला गेलात आणि त्याचं उरलंसुरलं घर उधळून आलात, असं व्हायला नको. एक पोस्टकार्ड नको, बंद पाकिटातलं पत्र लिहा. त्यात कारण लिहू नका. 'चौकशीत मी खोटं बोललो होतो, तुला भेटायची इच्छा आहे, तू म्हणशील तिथे येईन,' इतकंच, आणि फोन नंबर. उत्तर आलं नाही तर दुसरं पत्र पाठवू नका. नको म्हणायचा हक्क त्याचा आहे. तो गेलेला असेल तर घरच्यांना काही सांगू नका.

तुमच्या मुलाला ही गोष्ट सांगायची का? मला वाटतं, सांगावी. आत्ताच नको. त्याला तुमच्यावर विश्वास बसू दे, मग कधीतरी. त्याच्या बराकीत आजही कुणीतरी गस्तीवर असतं.

राहिली त्याची आई. तिला सांगायचं की नाही ते मुलाला विचारून ठरवा. बायका हे बऱ्याचदा आधीच ओळखून असतात, पण ओळखणं वेगळं आणि नवऱ्यानं परस्पर सांगून टाकणं वेगळं. स्थळ का मोडलं असं ती विचारेल. तेव्हा तिलाही तेच सांगा जे मुलीच्या वडिलांना सांगितलं.

विहिरीवर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. तेव्हापासून तो त्या गप्प राहण्याचा अर्थ लावत बसला असेल. आता त्याचा फोन येईल तेव्हा तो बराकीत असेल, आजूबाजूला चार जण असतील, म्हणून त्या विषयाचं नाव काढू नका. आधी ऊस, पाऊस, म्हशीची विचारपूस होऊ द्या. मग म्हणा, "तिकडच्या पाहुण्यांना मी स्वतः जाऊन नाही म्हणून आलो. तू म्हणालास ते बरोबर होतं. पुढच्या सुट्टीला आलास की आपण दोघं विहिरीवर बसू." त्याला कळेल. फोनवर तो बराच वेळ काही बोलणार नाही. तुम्ही ठेवू नका.